इंजिनाची सफाई : औषध केव्हा, पथ्य केव्हा?

व्यापारी घराच्या खर्चवहीत वाहनांचे खाते आता लहान राहिलेले नाही. पेढीचा टेम्पो, घरची मोटार, मुलांच्या दुचाकी, वडीलधाऱ्यांनी जपून ठेवलेली एखादी स्कूटर अशी चार-पाच वाहने एकाच अंगणात उभी असणे ही सांगली, सोलापूर, कोल्हापूर, पुणे अशा बाजारपेठेच्या गावांत नित्याची गोष्ट झाली आहे. इंधनाचा खर्च डोळ्यांसमोर असतो, विम्याचा हप्ता तारखेने येतो. परंतु सर्व्हिसिंगच्या बिलात अलीकडे काही नव्या ओळी दिसू लागल्या आहेत. ‘इंजिन फ्लश’, ‘फ्युएल सिस्टिम क्लीनर’, ‘इंजेक्टर क्लीनिंग’, ‘डीकार्ब’ अशी त्यांची नावे. त्यांची रक्कम काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत जाते. गाडी उचलण्याच्या घाईत असताना विचारणा होते, “शेठ, इंजिन आतून साफ करून घ्यायचं का?” आणि ‘साफ’ या शब्दाला नकार देणे कोणालाही जड जाते.

या प्रश्नावर घरोघरी दोन टोकांची मते आढळतात. एका पक्षाच्या मते ही सारी बाटल्या खपवण्याची युक्ती आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते दर सर्व्हिसिंगला एक बाटली ओतली की इंजिनाचे आयुष्य वाढते. दोन्ही पक्ष एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातात : घाण नेमकी कोठे आहे? ज्या जागी ती साचली आहे तेथपर्यंत बाटलीतला द्रव पोहोचतो का, यावरच सारे अवलंबून आहे.

घाणीच्या तीन जागा

इंजिनात घाण साचण्याच्या मुख्य जागा तीन. पहिली जागा इंधनाच्या वाटेवरची, म्हणजे इंजेक्टरचे सूक्ष्म छिद्र. दुसरी हवेच्या वाटेवरची, म्हणजे इनटेक व्हॉल्व्हची मागची बाजू आणि तेथून पुढे ज्वलन होते ती पोकळी. तिसरी ऑइलच्या वाटेवरची, म्हणजे खालचे चेंबर, ऑइलच्या नळ्या आणि पिस्टनच्या रिंगा. या तिन्ही जागांची घाण वेगळी आणि तिची कारणेही वेगळी.

इंजेक्टरची घाण गाडी चालू असताना जितकी साचते, त्याहून अधिक ती बंद केल्यावर साचते. इंजिन बंद होताच थंड इंधनाचा प्रवाह थांबतो, पण धातू तापलेलाच असतो. छिद्राच्या टोकाशी उरलेले थेंबभर पेट्रोल त्या उष्णतेत आटते आणि लाखेसारखा चिकट थर मागे ठेवते. घरून दुकान, दुकानातून गोदाम, गोदामातून बँक आणि पुन्हा दुकान अशा दिवसाच्या आठ-दहा लहान फेऱ्या करणाऱ्या गाडीत हे चक्र तितक्याच वेळा घडते. महामार्गावर सलग दोनशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीत ते एकदा-दोनदा घडते. अंतर मोजणाऱ्या आकड्यावरून म्हणूनच इंजिनाची अवस्था कळत नाही. फेऱ्या कशा झाल्या हे पाहावे लागते.

लहान फेऱ्यांचा दुसरा दोष ऑइलमध्ये दिसतो. ज्वलनातून निर्माण होणारी पाण्याची वाफ आणि थोडे न जळलेले इंधन रिंगांच्या फटींतून खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन पुरेसा वेळ गरम राहिले तर हे दोन्ही उडून जाते. पाच मिनिटांत गाडी बंद झाली तर ते ऑइलमध्येच राहते आणि कालांतराने काळपट गाळ तयार होतो. बहुतेक वाहनांच्या पुस्तिकेत म्हणूनच कठीण वापरासाठी वेगळे वेळापत्रक दिलेले असते आणि त्यात ऑइल बदलण्याचे अंतर कमी केलेले असते. बाजारपेठेतील गाडी ही बहुधा याच वर्गात मोडते, परंतु ते पान क्वचितच कोणी उघडते.

इंधनात ओतायची बाटली

पेट्रोलच्या टाकीत टाकायचे सर्वच क्लीनर निरुपयोगी नाहीत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९८०च्या दशकात अमेरिकेत इंजेक्टरच्या मोटारी वाढल्या आणि इंजेक्टर तुंबण्याच्या तक्रारीही वाढल्या. त्यातून पेट्रोलमध्येच सफाई करणारी द्रव्ये मिसळण्याचे शास्त्र पुढे आले. १९९५पासून तेथे विक्रीच्या सर्व पेट्रोलमध्ये अशा द्रव्याचे किमान प्रमाण असणे कायद्याने बंधनकारक झाले. २००४मध्ये काही मोटार उत्पादकांनी एकत्र येऊन त्याहून कडक असा ‘टॉप टियर’ हा दर्जा ठरवला. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, किमान प्रमाण असलेल्या पेट्रोलवर सुमारे ६,४०० किलोमीटर इतके चालवलेल्या इंजिनाच्या इनटेक व्हॉल्व्हवर टॉप टियर पेट्रोलच्या तुलनेत सरासरी १९ पट थर आढळला. योग्य द्रव्य योग्य प्रमाणात असेल तर फरक पडतो, याविषयी शंका राहत नाही.

या द्रव्यांपैकी पॉलिइथरअमाइन, संक्षेपाने ‘पीईए’, हे विशेष परिणामकारक मानले जाते. कारण ते ज्वलनाच्या पोकळीतील तापमानातही टिकून काम करते. बाटली घ्यायचीच असेल तर तिच्यावर हे नाव आहे का, आणि किती लिटर इंधनात किती मात्रा घ्यायची हे लिहिले आहे का, एवढे तरी पाहावे. नुसत्या ‘पॉवर वाढते’, ‘अ‍ॅव्हरेज वाढते’ अशा अक्षरांना मोल नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अधिक ऑक्टेनचे महाग पेट्रोल म्हणजे अधिक सफाई करणारे पेट्रोल, असे समीकरण नाही. ऑक्टेन हा इंधन दाबाखाली वेळेआधी पेटू न देण्याचा गुण आहे; त्याचा सफाईशी संबंध नाही. आपल्याकडील तेल कंपन्यांच्या ‘स्पीड’, ‘पॉवर’ यांसारख्या पेट्रोलमध्ये सफाईची द्रव्येही घातलेली असतात, म्हणून त्यांचा त्या अंगाने उपयोग होऊ शकतो. परंतु ज्या इंजिनाला जादा ऑक्टेनची गरजच नाही, त्याला त्याचा लाभ मिळत नाही.

आता मर्यादांकडे पाहू. जुन्या पद्धतीच्या मल्टिपॉइंट इंजिनात पेट्रोलचा फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या मागे पडतो. त्यामुळे पेट्रोलमधील क्लीनर त्या व्हॉल्व्हलाही धुतो. अलीकडच्या अनेक टर्बो पेट्रोल गाड्यांत डायरेक्ट इंजेक्शन असते. त्यांत पेट्रोल थेट ज्वलनाच्या पोकळीत जाते आणि व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला त्याचा स्पर्शही होत नाही. तेथे टाकीत कितीही महाग बाटली ओतली तरी व्हॉल्व्हवरचा थर तसाच राहतो. तो काढण्यासाठी मॅनिफोल्ड उघडून सफाई करावी लागते, आणि या कामासाठी जगभर एक मजेशीर साधन वापरले जाते : अक्रोडाच्या टरफलांचा बारीक रवा. हवेच्या झोताने तो व्हॉल्व्हवर मारला असता कार्बन खरवडला जातो आणि धातूला ओरखडा पडत नाही.

सीएनजीवर चालणाऱ्या टेम्पो-मोटारींची गोष्ट आणखी निराळी. वायू जळताना पेट्रोलसारखा चिकट थर सोडत नाही, आणि पेट्रोलमध्ये टाकलेला क्लीनर गाडी सीएनजीवर असताना काहीच काम करत नाही. तेथे महत्त्वाचे आहे ते टाकीतील पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहू न देणे आणि मधूनमधून काही अंतर गाडी पेट्रोलवर चालवणे.

ऑइलचा फ्लश

बिलातील दुसरी ओळ इंजिन फ्लशची. जुने ऑइल काढण्यापूर्वी त्यात पातळ द्रावण ओतायचे, काही मिनिटे इंजिन चालू ठेवायचे आणि मग सारे काढून टाकायचे, अशी ही रीत. पूर्वीचे मेकॅनिक हेच काम रॉकेल किंवा डिझेल घालून करीत. खाली पडणारे काळेकुट्ट ऑइल पाहून गाडीमालकाची खात्री पटे.

परंतु ऑइल काळे होणे हा दोष नव्हे. चांगल्या इंजिन ऑइलमध्ये सफाई करणारी आणि काजळीचे कण विखुरलेले ठेवणारी द्रव्ये कारखान्यातच मिसळलेली असतात. काजळी धातूवर बसू न देता स्वतःमध्ये धरून ठेवणे हेच त्यांचे काम. डिझेल इंजिनात नवे ऑइल काही शे किलोमीटरांत काळे पडते ते याच कारणाने. म्हणजे वेळेवर बदललेले योग्य दर्जाचे ऑइल हाच रोजचा फ्लश आहे. रोज घासलेल्या कढईला वेगळे द्रावण लागत नाही. महिनाभर तशीच ठेवलेल्या कढईला लागते, आणि मग ती घासताना तळाला ओरखडेही येतात.

फ्लशचा धोका नेमका याच दुसऱ्या कढईत आहे. वर्षानुवर्षे दुर्लक्षित इंजिनात गाळाचे थर घट्ट बसलेले असतात. तीव्र द्रावणाने ते एकदम सुटले तर त्यांचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, दाब उतरतो आणि बेअरिंगला ऑइल मिळेनासे होते. शिवाय द्रावणाचा काही अंश चेंबरच्या कोपऱ्यांत उरतो आणि नवे ऑइल पातळ करतो. म्हणजे ज्या इंजिनाची निगा नीट आहे त्याला फ्लश अनावश्यक, आणि ज्याची निगा नाही त्याला तो जोखमीचा. गाळ असल्याची शंका असेल तर ऑइल भरण्याचे झाकण उघडून आत पाहता येते. गाळ दिसलाच तर चांगले ऑइल घालून दोन-तीन वेळा निम्म्या अंतरावर ऑइल आणि फिल्टर बदलणे हा संथ पण सुरक्षित उपाय आहे.

ऑइलमध्ये कायमची मिसळून ठेवायची जी द्रव्ये विकली जातात, त्यांच्याविषयी अधिकच सावध राहावे. ऑइलचा दर्जा हा अनेक द्रव्यांच्या ठरलेल्या समतोलावर मिळतो. बाहेरून एक भर घातली की तो समतोल ढळतो. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकेत अशी द्रव्ये वापरू नयेत असे लिहिलेले असते, आणि वॉरंटीच्या काळात वाद उद्भवल्यास तीच ओळ पुढे येते. मोटरसायकलमध्ये तर इंजिन आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. घर्षण कमी करणारे द्रव्य तेथे गेले की क्लच घसरू लागतो. मोटरसायकलच्या ऑइलच्या डब्यावर ‘जॅसो एमए’ असा दर्जा छापलेला असतो तो याचसाठी.

डिझेलची गाडी

मालवाहू पिकअप बहुधा डिझेलची, म्हणून तिचा स्वतंत्र विचार हवा. कॉमन रेल पद्धतीत इंधनाचा दाब हजार बारच्या पुष्कळ वर जातो आणि इंजेक्टरची छिद्रे केसासारखी सूक्ष्म असतात. अशा ठिकाणी पाणी किंवा कचरा हाच मोठा शत्रू. विश्वासाच्या पंपावर भरलेले डिझेल, वेळेवर बदललेला डिझेल फिल्टर आणि त्याच्या तळाशी साचलेले पाणी काढणे, ही तीन कामे कोणत्याही बाटलीपेक्षा अधिक मोलाची आहेत.

१ एप्रिल २०२०पासून देशात बीएस ६ मानक लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ असते. साचलेली काजळी ती स्वतःच जाळून टाकते, पण त्यासाठी इंजिन काही वेळ सलग गरम राहावे लागते. केवळ गल्लीबोळांत फिरणाऱ्या पिकअपची गाळणी भरते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्या वेळी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी काही वेळ मोकळ्या रस्त्यावर सलग चालवणे हा पहिला उपाय. धातूयुक्त किंवा अनोळखी द्रव्ये इंधनात टाकली तर त्यांची राख मात्र त्या गाळणीत कायमची बसते, कारण राख जळत नाही.

धूर म्हणजे पुरावा नव्हे

डीकार्ब करताना इंजिनातून पांढऱ्या धुराचे लोट निघतात आणि “पाहा, किती कार्बन निघाला” असे सांगितले जाते. त्या धुराचा बराच भाग आत सोडलेल्या द्रवाचाच असतो. स्वच्छ इंजिनात तोच द्रव सोडला तरी धूर निघेल. हे काम अर्धवट शिकलेल्या हाताने केले आणि द्रव जास्त शिरला, तर तो दाबला जात नसल्यामुळे इंजिनाचे अवयव वाकण्याची भीती असते.

पुरावा हवा असेल तर तो मागता येतो. स्कॅनर जोडला असता इंजिनाचा संगणक ठरलेल्या मापापेक्षा किती इंधन कमी-जास्त देत आहे हे दिसते. बोरोस्कोप नावाच्या बारीक कॅमेऱ्याने पोकळीतील थर पाहता येतो. इंजेक्टर काढून बाकावर लावला तर फवारा कसा पडतो आणि तो ठिबकतो का, हे डोळ्यांनी कळते. सफाईपूर्वीची आणि नंतरची ही नोंद जे गॅरेज दाखवते, त्याला पैसे देताना मनात किंतू राहत नाही. जे फक्त धूर दाखवते, त्याच्या बिलावर प्रश्न विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे. स्वतःच्या दुकानात वजन आणि माप दाखवून माल देणाऱ्यांनी हा हक्क बजावण्यात संकोच मानू नये.

वहीतील हिशेब

समजा, एक मोटार वर्षाला १२,००० किलोमीटर धावते आणि लिटरला १५ किलोमीटर देते. वर्षाचे पेट्रोल ८०० लिटर. भाव लिटरला १०० रुपये धरला तर खर्च ८०,००० रुपये. सफाईच्या कामांवर वर्षाला ३,००० रुपये गेले, तर ते केवळ इंधनातून वसूल होण्यासाठी खर्चात पावणेचार टक्के बचत व्हायला हवी. सुस्थितीतील इंजिनात एवढी बचत होण्याची अपेक्षा धरू नये. आजारी इंजेक्टरच्या गाडीत ती होऊ शकते.

ही बचत मोजणेही वाटते तितके सोपे नाही. ४० लिटरची टाकी भरताना पंपाची नळी अर्धा लिटर आधी किंवा नंतर बंद झाली, तर सव्वा टक्क्याची चूक तेथेच होते. एका टाकीच्या अनुभवावर “बाटलीने अ‍ॅव्हरेज वाढले” असे म्हणणे म्हणूनच धाडसाचे. निदान पाच-सहा टाक्यांची नोंद आधीची आणि तितकीच नंतरची हवी.

अ‍ॅव्हरेज घटण्याची इतर कारणे आधी तपासावीत. टायरमध्ये कमी हवा, घासत राहणारा ब्रेक, तुंबलेला एअर फिल्टर, झिजलेले स्पार्क प्लग, बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर या प्रत्येकाने इंधन वाया जाते आणि यांपैकी एकही दोष बाटलीने बरा होत नाही. आणखी एक कारण अलीकडचे. २०२५मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य गाठले. इथेनॉलमधील ऊर्जा लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे अ‍ॅव्हरेजमध्ये आलेली थोडी घट ही इंधनाची आहे, घाणीची नाही. आणि ती भरून काढण्यासाठी क्लीनर घेणे म्हणजे भलत्याच दुखण्यावर औषध घेणे होय.

निर्णय कसा करावा

या साऱ्याचा निष्कर्ष असा की सफाईचे द्रव्य हे औषध आहे आणि औषधाला निदान लागते. मल्टिपॉइंट पेट्रोल गाडी, वापर बहुतांशी लहान फेऱ्यांचा, सकाळी सुरू होताना अडखळणे, उभी असताना मिसिंग, प्लग आणि फिल्टर चांगले असूनही तक्रार कायम : अशा वेळी पीईए असलेला क्लीनर सांगितलेल्या मात्रेत एकदा वापरून पाहणे योग्य ठरते. तो ऑइल बदलण्याच्या थोडे आधी वापरावा, म्हणजे सुटलेला मळ जुन्या ऑइलबरोबर निघून जातो. फरक पडला नाही तर दुसरी बाटली न घेता इंजेक्टर तपासून घ्यावा. नव्या, निरोगी आणि वॉरंटीतील गाडीला मात्र पुस्तिकेत सांगितलेल्या ऑइल-फिल्टरपलीकडे काहीही नको.

पथ्य मात्र सर्वांनाच लागू आहे. दहा मिनिटांच्या कामांसाठी चार वेळा गाडी काढण्याऐवजी ती कामे एका फेरीत उरकावीत. जवळच्या दुकानापर्यंत पायी जावे. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास सलग चालवावी. ऑइलची तारीख किलोमीटर आणि महिने या दोहोंपैकी जे आधी येईल त्यावर ठरवावी. वर्षातून पाच हजार किलोमीटरच धावलेल्या गाडीलाही ऑइल बदल हवाच असतो. काढलेले ऑइल आणि फ्लशचे द्रावण गटारात किंवा मातीत जाणार नाही हेही पाहावे. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचरा मानले जाते. नाल्यात गेलेले थोडे ऑइलही पाण्यावर दूरवर पसरते आणि तेथील लहान जिवांचा श्वास कोंडते. अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी ते देणारे गॅरेज निवडणे सहज शक्य आहे.

प्रत्येक वाहनासाठी एक लहान वही ठेवली तर हे सारे सोपे होते. इंधन किती आणि कोठे भरले, किलोमीटरचा आकडा, ऑइलचा दर्जा आणि तारीख, ड्रायव्हरने सांगितलेली तक्रार, गॅरेजने केलेले काम, एवढ्या नोंदी पुरेत. अशी वही सहा महिने चालली की “इंजिन साफ करायचं का?” या प्रश्नाचे उत्तर गॅरेजच्या काउंटरवर घाईने द्यावे लागत नाही, ते घरच्या नोंदीतच सापडते. घरातील तरुणांकडे ही वही सोपवली तर त्यांना यंत्राची ओळख होईल आणि हिशेबाची सवयही लागेल.